आईच्या दाढेसाठी ब्रिज: मेटल-सिरॅमिक की झिर्कोनिया? कुठला जास्त टिकतो?

रामबाग_इंदूर:

नमस्कार. आईसाठी विचारतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

आई ६४ वर्षांची आहे. तिची खालची डावीकडची पहिली मोठी दाढ दिवाळीनंतर काढावी लागली. तिचं रूट कॅनल फार पूर्वी झालेलं, वर कॅप नव्हती. सकाळी पोह्यांवरची लौंग शेव चावताना दाढ उभी चिरली आणि चीर थेट मुळापर्यंत गेली. जखम आता भरली आहे. पुढची उपदाढ धडधाकट आहे. मागच्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे आणि एक्स-रेत चांदीच्या खाली थोडी कीड दिसते. ती साफ करून नव्यानं भरणार आहेत.

इम्प्लांटचं बोलणं झालं. आईला मधुमेह आहे, साखर कधी आटोक्यात असते तर कधी नाही, आणि हाडात स्क्रू म्हटल्यावर तिनं सरळ नकार दिला. म्हणून पुढचा-मागचा दात घासून, त्यांवर कॅप आणि मधे त्यांना जोडलेला खोटा दात, असा तीन दातांचा ब्रिज ठरला. दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले, मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर दाताच्या रंगाचं सिरॅमिक) बसवा, वर्षानुवर्षं चालत आलेलं काम आहे. दुसरे म्हणाले, ते आता मागे पडलं, झिर्कोनिया (धातू नसलेलं कणखर सिरॅमिक) बसवा, दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळेल. किमतीत जवळपास दुपटीचा फरक. दादा पुण्याहून फोनवर सांगतो, महागातलं बसव, आईच्या खाण्याचा प्रश्न आहे. आईचं तिसरंच. देवासच्या मावशीला संपूर्ण धातूचा ब्रिज आहे आणि तो अजून जसाच्या तसा आहे. "मला तोच बसवा, तिथं मागे कोण बघायला येतंय," म्हणते.

पैसे बघावे लागतातच, पण मला खरं विचारायचंय ते टिकण्याबद्दल. पुन्हा पुन्हा त्या खुर्चीत बसणं तिला झेपत नाही. ती रात्री झोपेत दात खाते, बाबा होते तेव्हापासूनची सवय. जेवणानंतर सुपारीचं खांडही लागतं. मेटलवरचं सिरॅमिक उडतं असं ऐकलं, झिर्कोनिया एकदम तडकतं असंही ऐकलं. ज्यांनी बसवून बरीच वर्षं झालीत किंवा ज्यांना यातलं आतून माहीत आहे, त्यांनी कृपया सांगा.

माळवा_कन्या:

अगं, माझा मेटल-सिरॅमिकचा आहे, वर उजवीकडे, तीन दातांचाच. दहा-एक वर्षं झाली. ब्रिज घट्ट आहे, चावायला काही अडचण नाही. मधे एकदा तिळाच्या चिक्कीनं बाहेरच्या बाजूचा टवका उडाला आणि आतला करडा धातू दिसायला लागला. डॉक्टरांनी कड घासून गुळगुळीत करून दिली, तेव्हापासून तसाच वापरतेय. हिरडी थोडी वर सरकलीय, त्यामुळे कॅपच्या कडेला काळपट रेघ दिसते. माझी जागा हसताना दिसणारी आहे म्हणून मला ते खुपतं. आईंची खाली मागे आहे, त्यांनी त्याचा विचार करू नये.

सफाईचं मात्र पहिल्या दिवसापासून शिकून घ्या. तिन्ही दात एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे साधा फ्लॉस वरून आत जातच नाही. सुपरफ्लॉस मिळतो, त्याचं एक टोक ताठ असतं, ते मधल्या खोट्या दाताच्या खालून ओवायचं आणि मागेपुढे फिरवायचं. मी ते रात्री करते. एखाद्या दिवशी राहिलं तर सकाळी तोंडाला वास येतो, इतका फरक आहे.

निवृत्त_लॅबवाला:

ताई, मी इंदुरात दातांच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. डॉक्टर तोंडात काम करतात, आम्ही मॉडेलवर, म्हणजे मापावरून केलेल्या दातांच्या प्रतिकृतीवर. पण एक गोष्ट आमच्यासमोर यायची जी पेशंट सहसा बघत नाही, ती म्हणजे तोंडातून काढलेला जुना ब्रिज. डॉक्टर तो डबीत घालून पाठवायचे, नवा करताना आकार बघायला. असे पुष्कळ ब्रिज हातातून गेले, म्हणून ठासून सांगतो. लोक मेटल की झिर्कोनिया एवढंच विचारून राहिले आहेत, आणि ब्रिज ज्यानं जातो ते कुणी विचारत नाही.

परत आलेल्यांत धातूचा सांगाडा मोडलेला क्वचित. पोर्सेलिनचा, म्हणजे वरच्या सिरॅमिकचा, टवका उडालेले बरेच, पण नुसत्या टवक्यासाठी ब्रिज काढावाच लागतो असं नाही, वर ताईंनी लिहिलंय तसं. सगळ्यांत जास्त असायचे ते ब्रिज स्वतः ठणठणीत आणि खालचा दात गेलेला, असे. उलटा करून बघितला की एका कॅपमध्ये सिमेंट पांढरं, कोरडं, जागच्या जागी. दुसऱ्या कॅपमधलं सिमेंट धुऊन गेलेलं, त्या जागी तपकिरी मऊ चोथा, आणि मास्क लावूनही नाकात जाणारा वास. तो चोथा म्हणजे पेशंटचा दात. होतं असं की एका टोकाचं सिमेंट सुटतं, पण दुसरं टोक धरून ठेवतं, म्हणून ब्रिज पडत नाही आणि पेशंटला काही कळत नाही. सुटलेल्या कॅपमध्ये थुंकी आणि अन्न झिरपत राहतं, आत कीड वाढते. त्या दाताचं रूट कॅनल झालेलं असेल तर दुखतसुद्धा नाही. कळतं तेव्हा दात हिरडीपाशी तुटलेला असतो. यात वरचं मटेरिअल कुठलंही असो, निकाल तोच.

तर आधी आईंच्या मागच्या दाढेकडे बघा. चांदी आणि कीड काढल्यावर दाताची चांगली भिंत किती उरते? कॅपची कड जिथे बसते, तिथून वर खऱ्या दाताचा निदान दीड ते दोन मिलिमीटरचा पट्टा चहूबाजूंनी उरला पाहिजे. नुसत्या भरलेल्या सिमेंटवर कॅप बसवली तर ती सुटणारच. दुसरं, घासून झाल्यावर दाढ उंच किती राहते? खालची दुसरी दाढ मुळात बुटकी. उंची चार मिलिमीटरच्या आत आली की कॅपला धरायला जागा राहत नाही. असं मॉडेल आलं की मी डॉक्टरांना फोन करायचो. काही जण चिडायचे, पण फोन करायचोच.

आता जोडाचं बोलू. मधला खोटा दात दोन्ही कॅपना जिथे मिळतो त्या दोन जागा, त्यांना आम्ही कनेक्टर म्हणतो. चावताना सगळा ताण तिथे येतो. काम पाठवण्याआधी ते गेजनं मोजायची मला सवय होती. धातूच्या सांगाड्यात जोड अडीच बाय अडीच मिलिमीटर, म्हणजे सहा चौरस मिलिमीटरच्या थोडा वर असला तरी भागतं. झिर्कोनियाला मागच्या दाढांत तीन दातांच्या ब्रिजसाठी नऊ चौरस मिलिमीटर लागतो, म्हणजे तीन बाय तीन. आणि तो उंचीतूनच मिळवायचा. घराच्या तुळईसारखंच आहे, तीच तुळई आडवी टाकली तर वाकते, उभी टाकली तर भार घेते. जोडाची उंची निम्मी केली तर वाकणं आठपट होतं. मधल्या जागेची लांबी दुप्पट झाली तरीही आठपट. म्हणून दोन दाढा नसताना चार दातांचा ब्रिज म्हणजे तीनच्या ब्रिजपेक्षा थोडासाच मोठा, असा हिशेब कधी करू नये.

अडचण कुठे येते ते बघा. आईंच्या दाढा बुटक्या असतील आणि तरी झिर्कोनियाचा तीन मिलिमीटर उंच जोड बसवला, तर तो खाली हिरडीला टेकतो. मग सुपरफ्लॉस घालायला जागा नाही, म्हणजे पुन्हा त्या चोथ्याच्याच वाटेवर. तेव्हा डॉक्टरांना विचारा, "जोडाला उंची किती मिळतेय?" साडेतीन-चार मिळत असेल तर झिर्कोनिया खुशाल करा. दोन-अडीचच मिळत असेल तर धातूच बरा, मग कार्ड कितीही वर्षांचं असो.

सिरॅमिक उडतं म्हणतात त्याबद्दल. धातूचा सांगाडा आधी ओततात किंवा हल्ली लेझरनं थरांत बनवतात. तो वाळूच्या माऱ्यानं खडबडीत करून, भट्टीत तापवून त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आणतात, त्या थरालाच पोर्सेलिन चिकटतं. मग धातूचा रंग झाकायला ओपेकचे दोन हात. त्यावर ब्रशनं ओली पूड चढवायची, टिशूनं पाणी टिपायचं, पुन्हा चढवायची, आणि निर्वात भट्टीत नऊशे अंशांच्या वर भाजायचं. थंड होताना धातू पोर्सेलिनपेक्षा किंचित जास्त आकसतो आणि पोर्सेलिन दाबात राहतं. पोर्सेलिन दाब उत्तम सोसतं, ओढाताण सोसत नाही. सांगाडा पातळ असला तर तो चावताना लवतो आणि वरचं पोर्सेलिन सुटतं. सांगाड्याला दाताचा आकारच दिला नाही, सपाट ठेवला, आणि उरलेली सगळी उंची पोर्सेलिननं भरली, तर दोन मिलिमीटरच्या पुढचं पोर्सेलिन बिनआधाराचं राहतं. पुढे तेच उडतं. हे काम घाईत करायचं नाही. चार तासांत सांगाडा मागणाऱ्यांना मी नाही म्हणत आलो.

आईंसारख्या दात खाणाऱ्यांसाठी आम्ही चावायची बाजू धातूचीच ठेवायचो आणि फक्त गालाकडच्या बाजूला पोर्सेलिन चढवायचो. त्याला फेसिंग म्हणतात. वरच्या दातांना धातू कमी झिजवतो, आणि ज्या बाजूनं चावायचं तिथे उडायला पोर्सेलिनच नाही. दिसायला बोलताना पांढरं. हा मधला मार्ग आजकाल कुणी पुढे ठेवत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

झिर्कोनियाचंही सांगतो, कारण त्याच्याविषयी दोन्हीकडून चुकीचं बोललं जातं. भाजण्याआधी चकती मऊ असते, सुरीनं खरवडता येते. मशीन तिच्यातून ब्रिज २०-२५ टक्के मोठा कोरतं, मग तो दीड हजार अंशांच्या आसपास भाजला की आकसून मापाला येतो. हे झाल्यावर तो फार कणखर असतो. पण नंतर क्लिनिकमध्ये उंच लागतो म्हणून कोरड्या बरनं (ड्रिलच्या टोकानं) घासला, तर बारीक तडे जातात, तेही बहुतेक जोडाच्या आसपास. घासायचा तर पाणी सोडून, बारीक डायमंडनं, हलक्या हातानं, आणि नंतर पॉलिश करूनच. खडबडीत राहिलेला झिर्कोनिया समोरचा दात खातो, आरशासारखा पॉलिश केलेला खात नाही. आणि विचारून घ्या, पूर्ण झिर्कोनियाचा आहे की वर पोर्सेलिन चढवलेला? चढवलेला असेल तर टवके उडण्याची कटकट त्यालाही आहे, मेटल-सिरॅमिकपेक्षा कमी नाही.

एक विचारतो. आईंना नकली कानातलं घातलं की कान खाजतात का?

रामबाग_इंदूर:

काका, इतकं कुणीच समजावलं नव्हतं. मनापासून आभार.

हो, खाजतात! लग्नाकार्यात नकली झुमके घातले की दुसऱ्या दिवशी कानाची पाळी लाल होते आणि पाणी सुटतं. घड्याळाच्या बकलखाली मनगटावर चट्टा उठतो. सोन्याशिवाय तिला काही चालत नाही. पण ब्रिजशी याचा काय संबंध?

निवृत्त_लॅबवाला:

ते निकेल असतं, ताई. स्वस्तातल्या मेटल-सिरॅमिकचा सांगाडा बहुधा निकेल-क्रोमियमचा असतो. ज्यांना कानाला निकेल चालत नाही त्या सगळ्यांना तोंडात त्रास होतोच असं नाही, पण होतो त्यांची हिरडी कॅपच्या कडेनं कायम लाल आणि सुजलेली राहते. मग सफाई नीट नाही म्हणून त्यांनाच बोलणी बसतात. माहीत असताना हा धोका का घ्यायचा? कोबाल्ट-क्रोमियम मागा, लेझरवर केलेलाही मिळतो. लॅबला जाणाऱ्या चिठ्ठीवर धातूचं नाव लिहायला लावा. नुसतं 'मेटल' लिहून आलं तर लॅब हाताशी असेल तो धातू घेते.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काही निकेल मिश्रधातूंत ओतायला सोपं जावं म्हणून बेरिलियम घालत. पेशंटच्या तोंडात ते बंद असतं, पण घासणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात पूड जाते आणि फुप्फुसं कायमची खराब करते. लहान लॅबमध्ये पूड ओढून घेणारं यंत्र नसायचं. चांगला, बेरिलियम नसलेला धातू मागितला की त्या मुलांचंही भलं होतं.

दंतचिकित्सा_इंदूर:

मी कृत्रिम दातांच्या शाखेतली डॉक्टर आहे. लॅबवाले काकांनी जोड आणि दाताची उंची सांगितली ती तशीच्या तशी खरी आहे, मी फक्त आकडे आणि काही वैद्यकीय गोष्टी जोडते.

२०१५ साली 'डेंटल मटेरिअल्स' या नियतकालिकात दातांवर बसवलेल्या ब्रिजच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. पाच वर्षांनी मेटल-सिरॅमिकचे ९४.४ टक्के ब्रिज तोंडात शाबूत होते आणि झिर्कोनियाचे ९०.४ टक्के. ग्लास-सिरॅमिकचे, म्हणजे काचेच्या जातीच्या सिरॅमिकचे, ८९.१ टक्के. म्हणजे 'मेटल मागे पडलं' असं निदान टिकण्याच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही. पण त्या झिर्कोनियातला बहुतेक माल पोर्सेलिन चढवलेला, पहिल्या पिढीचा होता. आज आपण दाढांना देतो तो पूर्ण झिर्कोनिया असतो, त्यात टवक्याचा प्रश्न जवळपास राहत नाही. मात्र त्याचा लांब पल्ल्याचा अनुभव मेटल-सिरॅमिकइतका जुना नाही. मेटल-सिरॅमिकचं पेटंट १९६२ सालचं आहे, झिर्कोनियाचे ब्रिज साधारण या शतकातले.

झिर्कोनिया एकदम तडकतं ही भीती काचेसारख्या सिरॅमिकवरून आलेली आहे. झिर्कोनियात चीर पडू लागली की चिरेच्या टोकाशी त्याच्या कणांची रचना बदलते, ते किंचित फुगतात आणि चीर दाबून धरतात. म्हणून ते इतर सिरॅमिकपेक्षा चिवट आहे. पण झिर्कोनिया म्हणजे एकच वस्तू नव्हे. त्यात यिट्रिया नावाचं ऑक्साइड मिसळलेलं असतं. कमी यिट्रियाचा, ज्याला थ्री-वाय म्हणतात, तो साधारण ९०० ते १२०० मेगापास्कल ताकदीचा आणि थोडा अपारदर्शक. जास्त यिट्रियाचा फाइव्ह-वाय सुंदर, अर्धपारदर्शक दिसतो, पण ताकद बरीच कमी, आणि चीर दाबून धरण्याचा गुणही त्यात जवळजवळ नसतो. दाढेच्या ब्रिजसाठी थ्री-वाय. पेशंट 'जास्त नैसर्गिक दिसणारा' मागतात आणि नकळत कमजोर माल दाढेला जातो, हे मला फार खटकतं. लिथियम डायसिलिकेट नावाचं ग्लास-सिरॅमिक कुणी सुचवलं तर दाढेच्या ब्रिजला नाही म्हणा, ते पुढच्या दातांसाठी आणि फार तर उपदाढेपर्यंत.

आईंची मागणी जुनाट अजिबात नाही. पूर्ण धातूच्या कॅपसाठी दात कमी घासावा लागतो, चावायच्या बाजूनं मिलिमीटर-दीड मिलिमीटरमध्ये काम होतं. पोर्सेलिन चढवायचं तर दोनच्या आसपास जातं. बुटक्या दाढेत अर्धा मिलिमीटरसुद्धा मोलाचा असतो. उपदाढ धडधाकट आहे, ती जितकी कमी घासू तितका तिच्या नसेला धोका कमी. ब्रिजखालच्या काही दातांची नस पुढच्या वर्षांत मरते आणि मग कॅपला भोक पाडून रूट कॅनल करावं लागतं. त्यासाठीच तो दात निरोगी असेल तर मी इम्प्लांटचा पुन्हा एकदा विचार करायला सांगते. साखर आटोक्यात असेल तर मधुमेहींना इम्प्लांट करता येतं. तरी आईंची इच्छा नसेल तर विषय तिथेच संपवा, ब्रिज ही काही दुय्यम सोय नाही.

निकेलबद्दल त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्या, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवतात. निकेलबरोबर कोबाल्टचीही करा, काहींना दोन्ही चालत नाहीत. तसं निघालं तर उत्तर झिर्कोनिया, आणि मग जोडाच्या उंचीसाठी हिरडीची लहानशी शस्त्रक्रिया करून दाढ उंच करून घेता येते.

दात खाण्यासाठी रात्री घालायचा नाइट गार्ड हवाच, मटेरिअल कुठलंही असलं तरी. आणि साखर. हे मी कळकळीनं सांगतेय. साखर वाढलेली राहिली की दाताभोवतीचं हाड झिजतं, दात हलू लागतात, आणि मग शाबूत ब्रिज दोन्ही दातांसकट हलतो. आज आईंच्या उपदाढेची आणि मागच्या दाढेची मुळं मिळून गेलेल्या दाढेचा भार घ्यायला पुरेशी आहेत, हाड टिकलं तर.

खर्चाची अडचण असेल तर एम. वाय. रुग्णालयाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६१ पासूनचं. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक टप्पा वरिष्ठ तपासतात.

राजेंद्रनगरकर:

वॉरंटी कार्डाबद्दल एवढंच. बाबांच्या झिर्कोनिया ब्रिजला असं कार्ड होतं. काही वर्षांनी ब्रिज हातात आला, कारण मागची दाढ आतून किडली होती. कार्ड घेऊन गेलो तर मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, मटेरिअल तुटलं तरच बदलून मिळेल. मटेरिअल तर नव्यासारखं होतं! कुणाचं नाव घेत नाही, त्यांनी लिहिलं होतं तसंच वागले. पण कार्डातली दहा वर्षं ही त्या तुकड्याची आहेत, तोंडातल्या ब्रिजची नाहीत, हे घेण्याआधी आईंच्या कानावर घाला. कार्ड मात्र जपून ठेवा, त्यावर कुठल्या कंपनीचा कुठला झिर्कोनिया हे लिहिलेलं असतं, पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतं.

रामबाग_इंदूर:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, मधे पॅच टेस्ट आणि बाकीची धावपळ चालू होती.

निकेलच्या जागी लाल, सुजलेला चट्टा आला. कोबाल्टला काही नाही. डॉक्टरांनी (पहिल्या) मागच्या दाढेतली चांदी काढली, कीड वाटली होती त्यापेक्षा वरवरची निघाली, भिंत चांगली उरलीय. मी जोडाच्या उंचीचं विचारलं तेव्हा त्यांनी मॉडेल हातात घेऊन दाखवलं. उपदाढेच्या बाजूला साडेतीन मिळतेय, दाढेच्या बाजूला जेमतेम अडीच. ते स्वतःच म्हणाले की इथे झिर्कोनिया मी करणार नाही. कोबाल्ट-क्रोमियम, चावायची बाजू धातूची आणि गालाकडे फेसिंग, असं ठरलं. चिठ्ठीवर धातूचं नाव माझ्यासमोर लिहिलं. आईला मावशीसारखा चकचकीत मिळणार म्हणून ती खूश, आणि बाहेरून पांढरा दिसणार म्हणून दादा खूश. सुपारी सोडायचं तिनं कबूल केलंय. शेवेबद्दल अजून बोलणं चालू आहे, तोवर भुट्ट्याचा कीस करून घालतेय.

पुढच्या आठवड्यात सांगाड्याची ट्रायल आहे. काका, डॉक्टर, आम्ही पेशंटच्या बाजूनं काय बघायचं?

दंतचिकित्सा_इंदूर:

छान निर्णय. ट्रायलला आईंना भूल देऊ नका असं सांगा, म्हणजे उंच लागतोय का ते त्यांना नीट कळेल. नस जिवंत आहे, थोडं शिवशिवेल, चालवून घ्या. सिमेंट लावण्याआधी एक्स-रे काढून कडा बसल्यात का बघायला सांगा. नंतर दर सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि वर्षातून एकदा त्या जागेचा एक्स-रे. काकांनी सांगितलेला तो आतला किडका दात त्यातच वेळेवर सापडतो.

निवृत्त_लॅबवाला:

ताई, ऐकून फार बरं वाटलं. मॉडेल हातात घेऊन दाखवणारे डॉक्टर मिळाले, आता निम्मी काळजी सोडा.

ट्रायलला सांगाडा बोटानं दाबून बसवला की डुलता कामा नये. एका टोकाला दाबल्यावर दुसरं टोक उचललं जात असेल तर तो जोर लावून बसवायचा नाही. जोड कापून तोंडातच पुन्हा जुळवून घेतात आणि लॅब तो परत जोडते. यात दिवस जातात, जाऊ द्या. मधल्या खोट्या दाताचा खालचा भाग हिरडीला नुसता टेकलेला हवा, दाबलेला नको. काढल्यावर हिरडी पांढरी पडलेली दिसली तर तिथे दाब आहे, तेवढं कमी करून घ्या. आणि त्याच वेळी आईंनाच आरसा देऊन सुपरफ्लॉस खालून घालून बघायला सांगा. तेव्हा गेला नाही तर सिमेंट लावल्यावर नक्कीच जायचा नाही, आणि सांगाड्यातली दुरुस्ती पोर्सेलिन चढायच्या आधीच होते.

पक्कं सिमेंट लावायच्या दिवशी दोन्ही दात कोरडे ठेवणं महत्त्वाचं, आईंना मधे जीभ तिकडे नेऊ नका म्हणावं. सिमेंट घट्ट झालं की बाहेर आलेलं डॉक्टर काढतीलच, पण जोडाखाली थोडं राहून जातं आणि हिरडीला टोचत राहतं. फ्लॉसला मधोमध एक गाठ मारायची आणि ती गाठ दोन्ही जोडांखालून ओढून घ्यायची. राहिलेलं सिमेंट तिच्याबरोबर बाहेर येतं.